ह्यांच्या शब्दांचा खेळ

ह्यांची वाचा गेली ती सकाळी दाढी करताना. चहा झाला म्हणून मी दोनदा हाक मारली. उत्तर आलं नाही म्हणून जाऊन बघितलं, तर हे आरशासमोर उभे होते. एका गालावर साबण तसाच, ब्रश बेसिनमध्ये पडलेला. मला बघून ह्यांनी बोलायला तोंड उघडलं. आवाज आला, पण त्यात शब्द नव्हता. मग उजवा पाय हळूहळू दुमडला आणि मी धरेपर्यंत हे खाली बसले.

दवाखान्यातले दिवस मला सलग आठवत नाहीत. आठवतं ते डॉक्टरांचं एक वाक्य. "त्यांना सगळं कळतंय. आत शब्द आहेत, बाहेर येण्याचा रस्ता बंद झालाय." पुढे त्यांनी असंही सांगितलं की रस्ता थोडाफार मोकळा होईल, किती ते आत्ता सांगता येणार नाही, आणि रोजचा सराव घरच्यांनाच करून घ्यावा लागेल.

हे मुळात फार बोलणारे नव्हतेच. नाशिकजवळ अंबडच्या एका कारखान्यात ड्रॉइंग विभागात ह्यांनी सगळी नोकरी काढली. कागदावरची रेष बोलते, माणसानं कशाला बोलायचं, अशा स्वभावाचे. मी एका शाळेच्या ऑफिसात होते. दोघंही निवृत्त झालो होतो. मुलगी बंगळुरूला. गंगापूर रोडवरच्या आमच्या फ्लॅटमध्ये दिवसभरात जेमतेम दहा-वीस वाक्यं व्हायची आणि तेवढ्यात आमचा संसार नीट चालायचा. ती दहा-वीस वाक्यं गेल्यावर घर किती रिकामं वाटतं, ते मला तेव्हा कळलं.

आठवड्यातून दोन दिवस एक तरुण स्पीच थेरपिस्ट घरी यायची. मुलगी चांगली होती, घाई करायची नाही. तिनं सरावासाठी झेरॉक्स काढलेले कागद दिले होते. त्यावर चित्रं होती. बर्फाचं घर, दीपगृह, गाजर खाणारा ससा, टोपी घातलेलं अस्वल. ती गेली की दुपारी मी ते कागद घेऊन ह्यांच्यासमोर बसायची. "हे काय आहे, सांगा बरं." माझा आवाज आपोआप बालवाडीतल्या बाईंसारखा व्हायचा. दोन-चार दिवस ह्यांनी ते सहन केलं. मग एका दुपारी अस्वलाचा कागद डाव्या हातानं चुरगाळला आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

तेव्हा मी लेकीनं दिलेला जुना लॅपटॉप काढला. शाळेत मी कॉम्प्युटरवर काम केलं होतं, पण ते ठरावीक. इंटरनेटवर स्वतःहून काही शोधायची वेळ कधी आली नव्हती. मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत टाइप केलं की अर्धांगवायूनंतर बोलण्याचा सराव, मोफत. खाली एवढं काही आलं की कुठून सुरुवात करावी ते समजेना.

पहिल्याच दिवशी मी फसले. एका पानावर मोठं हिरवं बटण होतं, डाउनलोड म्हणून. मी दाबलं. जे उतरलं ते सरावाचं काहीच नव्हतं. त्यानंतर लॅपटॉप उघडला की केस गळण्यावरच्या तेलाच्या आणि पत्त्यांच्या जुगाराच्या जाहिराती आपोआप नाचायला लागायच्या. लेकीनं बंगळुरूहून माझा स्क्रीन तिच्याकडे घेतला आणि तास-दीड तास खपून ते सगळं काढलं. ती म्हणाली, "आई, सगळ्यात मोठं बटण असतं ना, ते कधीच दाबायचं नाही. खरं बटण बारीक असतं, कोपऱ्यात." त्यानंतर मी पान उघडलं की आधी खाली जाऊन बारीक अक्षर वाचायला लागले. हे कोणी बनवलंय, का बनवलंय, वापरणाऱ्यांनी खाली काय लिहिलंय. मोफत म्हणून सांगून तिसऱ्या पायरीला कार्डाचा नंबर मागणारी पानं मला लांबून ओळखू यायला लागली.

नकाशे आणि यंत्रांची चित्रं काढायचं एक मोफत सॉफ्टवेअर मला सापडलं, तेव्हा मला फार आशा वाटली होती. ह्यांचं सगळं आयुष्य त्यातच गेलेलं. मी ते उतरवून घेतलं, माउस डाव्या बाजूला लावला, खुर्चीत उशी दिली आणि ह्यांना समोर बसवलं. ह्यांनी एक रेष काढली. ती सरळच आली, कारण ती सॉफ्टवेअरनं सरळ केली होती. ह्यांनी तिच्याकडे बघितलं, मग आपल्या डाव्या हाताकडे बघितलं आणि माउस बाजूला सारला. पुन्हा त्याला हात लावला नाही. मीही आग्रह केला नाही.

पण मला शोधायची सवय लागली. दुपारी हे झोपले की मी लॅपटॉप घेऊन बसायची. पाखरांचे आवाज ओळखायला शिकवणारी जागा सापडली. जुने नकाशे दाखवणारी सापडली. जोड्या लावायचे, तुकडे जुळवायचे खेळ सापडले, त्यातले काही हे खेळायचेही. एका ठिकाणी पृथ्वीचा गोल होता. तो बोटानं फिरवायचा आणि कुठल्याही ठिपक्यावर थांबायचं, की त्या गावचा रेडिओ चालू व्हायचा. हे मात्र ह्यांना आवडलं. संध्याकाळी आम्ही दोघं गॅलरीत बसून कुठल्यातरी बेटावरच्या बातम्या ऐकायचो. भाषा कुठली तेही माहीत नसायचं. बाई काहीतरी सांगायची, मध्येच कोणी हसायचं, मग गाणं लागायचं. त्या वेळी ह्यांचा चेहरा सैल पडायचा. मला वाटतं, तिथे आम्ही दोघं सारखेच होतो. दोघांनाही काही कळत नव्हतं आणि कोणी कळावं म्हणून वाट बघत नव्हतं.

अशा शोधण्यातच मला ते खेळाचं सॉफ्टवेअर मिळालं. दिसायला अगदी साधं होतं, जाहिराती नाहीत, मोठं बटण नाही. ते एका परदेशी गृहस्थांनी बनवलं होतं. त्यांच्या बायकोला असाच झटका आला होता आणि विकत मिळणारे खेळ तिला चालेनात, म्हणून त्यांनी स्वतः एक करून सगळ्यांसाठी मोकळा ठेवला होता. त्यात आपले फोटो घालायचे, आपल्या आवाजात प्रश्न विचारायचा. समोरच्यानं बरोबर सांगितलं की शेजारी बसलेल्यानं एक कळ दाबायची, मग घंटा वाजायची. चुकलं तर दुसरी कळ, मग एक दबका, खोल आवाज. पानाच्या तळाशी प्रश्न विचारायची जागा होती. मी धीर करून लिहिलं की हे मराठीत चालेल का आणि चित्रं कोणती घालावीत. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. भाषा कोणतीही चालेल, असं त्यांनी लिहिलं होतं, आणि ज्या वस्तूंना ते रोज हात लावतात त्यांचे फोटो घाला, असं सांगितलं होतं.

मग मी फोनवर फोटो काढत घरभर फिरले. ह्यांचा चष्मा, स्टीलचा पेला, गॅसचा लायटर, मोरीतला नळ, कुलूप, चपला. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या बाईंना विचारून त्यांच्या हातगाडीवरची केळी, वांगी, कोथिंबीर. ओट्यावर गुळाची ढेप. ह्यांच्याच डोळ्याचा एक फोटो. मराठी अक्षरं सुरुवातीला नुसते रिकामे चौकोन दिसायची, मग दिसली तर वेलांट्या भलत्याच ठिकाणी जाऊन बसायच्या. त्या गृहस्थांना विचारत, त्यांनी सांगितलेला फॉन्ट घालत ते नीट केलं. आवाज भरताना पंखा बंद करायची. तरी शेजारच्या कुकरची शिट्टी एका प्रश्नात गेलीच.

पहिल्या दिवशी हा खेळ समोर ठेवला तेव्हा ह्यांनी स्वतःचा पेला स्क्रीनवर बघितला आणि बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "पेला." स्वच्छ. मी घंटेची कळ दाबली. झटका आल्यापासून ह्यांच्या तोंडून आलेला तो पहिला नीट शब्द होता. मी उठून आत गेले, तोंड धुतलं आणि परत येऊन बसले.

पुढचे काही आठवडे चांगले गेले. चप्पल. चष्मा. वांगं. कधी शब्द यायला एवढा वेळ लागायचा की स्क्रीन झोपून जायचा. पण काही शब्द अडायला लागले. केळं दाखवलं की हे म्हणायचे, "केय." डोळा दाखवला की "डोया." नळाला "नय", गुळाला "गूय." थेरपिस्टला मी ते ऐकवलं. ती म्हणाली, "ळ अवघड असतो काकू. जीभ मागे वळवून टाळूला लावावी लागते. बऱ्याच पेशंटना तो उशिरा येतो. आपण त्याच्यावर काम करू." ती आरसा घेऊन यायची आणि जीभ कशी वळवायची ते दाखवायची. मी खेळात ळ चे शब्द आणखी घातले. बाळ, फळ, माळ, चाळणी. आणि "केय" आलं की मी चुकीची कळ दाबायची. तो खोल आवाज व्हायचा. मग मी सावकाश म्हणायची, "के-ळं." हे माझ्या ओठांकडे बघायचे आणि पुन्हा म्हणायचे, "केय."

एके दिवशी असंच तीन-चार वेळा झाल्यावर ह्यांनी डाव्या हातानं लॅपटॉपचं झाकण लावून टाकलं. जोरात नाही, सावकाश. मला ते जोरात लावलं असतं तर बरं वाटलं असतं.

त्याच सुमारास दुसरं एक सुरू झालं. दुपारी ह्यांना भरवून झालं, तोंड पुसलं, की मी भांडी उचलायला लागायची. तेव्हा हे माझ्याकडे बघून म्हणायचे, "जेवनी?" मला वाटायचं, जेवण मागताहेत. आत्ताच तर जेवलात, असं मी सांगायची. हे मान हलवायचे आणि पुन्हा, "जेवनी?" पोट भरलं नसेल म्हणून मी पुन्हा थोडा वरण-भात कालवून आणायची. हे तोंड मिटून घ्यायचे. मी घास पुढे केला की हात झटकायचे. एकदा ताटली उलटली आणि वरण चादरीवर सांडलं. ह्यांच्या डोळ्यात पाणी आलं, मला वाटलं लाजेनं आलं असेल.

मी घाबरले. डॉक्टर म्हणाले होते की कधीकधी स्मरणावरही परिणाम होतो. जेवलेलं विसरायला लागले, असं मी धरून चालले. दुपारी आता मी खेळ शोधत नव्हते, विस्मरणाच्या आजारावरची पानं वाचत होते. पुढे काय काय होतं ते सगळं तिथं पायरीपायरीनं लिहिलेलं असतं. कधी स्वतःचं घर ओळखू येत नाही, कधी बायको. ते वाचून मी उठायची तेव्हा स्वयंपाकघरात ताट वाढून ठेवलेलं असायचं आणि जेवायची इच्छा गेलेली असायची. कित्येक दुपारी मी नुसता चहा घेतला.

ह्यांच्या थोरल्या बहीण, आमच्या ताई, सटाण्याजवळच्या एका गावात असतात. त्यांचे डाळिंबाचे मळे आहेत. झटका आल्यावर त्या दवाखान्यात येऊन गेल्या होत्या, पण तेव्हा हे काहीच बोलत नव्हते. नंतर त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि काही महिने त्यांना घराबाहेर पडता आलं नाही. काठी धरून चालायला लागल्या तशा त्या आल्या. पिशवीत डाळिंबं, कांदे आणि त्यांच्या घरचं तिखट.

त्या आल्या ती वेळ जेवणाचीच होती. त्या ह्यांच्या पलंगाजवळ खुर्ची ओढून बसल्या. मी ह्यांना भरवलं, तोंड पुसलं आणि ताटली घेऊन उठले.

"जेवनी?" हे म्हणाले.

मी ताईंना हळू आवाजात सांगितलं, "हे असं रोज होतं. आत्ता जेवले आणि आत्ता विसरले. परत मागतात."

ताई खुर्चीतच माझ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "वहिनी, तो जेवण नाही मागत गं. तू जेवलीस का, असं विचारतोय तुला."

हातात ताटली तशीच होती.

"आमच्याकडे असंच म्हणतात," ताई म्हणाल्या. "बाई माणसाला विचारायचं असलं की, जेवनी का."

मग त्या भावाकडे वळल्या आणि त्यांच्या बोलीत म्हणाल्या, "नाही भाऊ, ती अजून जेवनी नाही. आते जेवाडस मी तिले."

ह्यांनी डोळे मिटले आणि मान डोलावली, एवढंच हवं होतं तशी. मी ताटली खाली ठेवली. सगळे ते दिवस माझ्या डोळ्यासमोरून गेले. हे रोज विचारत होते आणि मी रोज ह्यांच्याच तोंडाशी घास नेत होते.

ताईंनी मला जेवायला बसवलं आणि स्वतः वाढलं. संध्याकाळी त्यांनी विचारलं म्हणून मी खेळ दाखवला. केळ्याचा फोटो आला. हे म्हणाले, "केय." माझं बोट सवयीनं चुकीच्या कळेकडे गेलं. ताईंनी माझा हात धरला. "बरोबर तर सांगितलं त्यानं."

तुम्ही विचाराल की एवढ्या वर्षांच्या संसारात मला ही बोली ओळखू कशी आली नाही. ताईंच्या बोलण्यात मी ती ऐकली होती. लग्नाकार्याला गावी गेलो की चारी बाजूंनी ऐकू यायची. केळ्याला केय म्हणणारी माणसं मला नवीन नव्हती. पण ह्यांच्या तोंडून तिचा एक शब्द कधी ऐकला नव्हता. हे ताईंशीसुद्धा आपल्या शहरातल्या मराठीतच बोलायचे. आणि झटक्यानंतर मी ह्यांच्या प्रत्येक आवाजात आजारच ऐकत होते. दुसरं काही त्यात असेल असं मनात आलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी मेथी निवडत बसलो होतो. हे आत झोपले होते. मी ताईंना विचारलं, "ह्यांनी ही बोली बोलणं का सोडलं होतं?"

ताईंनी मेथीची दुसरी जुडी सोडली. मग सांगितलं. हे पॉलिटेक्निकला म्हणून नाशिकला आले, होस्टेलवर राहिले. तिथं ह्यांनी 'काय आहे'च्या जागी 'काय शे' म्हटलं की मुलं हसायची. पुढे ह्यांना हाकच 'शे' म्हणून मारायला लागली. मेसमध्ये, वर्गात, सगळीकडे. "आम्हाला त्यानं तेव्हा काही सांगितलं नाही," ताई म्हणाल्या. "दिवाळीला घरी आला आणि आईशी एकदम पुस्तकातल्यासारखं बोलायला लागला. आईला आधी हसू आलं. म्हणाली, साहेब झाला माझा पोरगा. मग दुसऱ्या दिवशीही तो तसाच बोलला, तिसऱ्याही. तेव्हा तिचं हसणं थांबलं. ती तिच्या बोलीत विचारायची, हा त्याच्या पुस्तकी मराठीत उत्तर द्यायचा. शेवटपर्यंत तसंच राहिलं. आई गेली तेव्हाही हा तिच्या उशाशी बसून तसंच बोलत होता."

"तुम्ही कधी काही म्हणाला नाहीत?"

"काय म्हणायचं? शिकलेला होता. त्याला तसं बरं वाटत असेल, असं वाटलं." त्यांनी निवडलेली मेथी टोपलीत टाकली. "काल तो जे बोलला ना वहिनी, तसं तो सतरा-अठरा वर्षांचा असताना बोलायचा. त्यानंतर मी ऐकलं ते कालच."

ताई त्या खेपेला बरेच दिवस राहिल्या. आम्ही खेळ पुन्हा केला. फोटो तेच ठेवले, आवाज ताईंचा भरला. "हाई काय शे?" असं त्या विचारायच्या. सुरुवातीला मशीनसमोर त्यांचा आवाज चढायचा, शेताच्या बांधावरून हाक मारल्यासारखा. मग सवय झाली. तो खोल, दबका आवाज मी काढून टाकला. सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय होती, मी ती आधी बघितली नव्हती इतकंच. आता बरोबर सांगितलं तर घंटा, नाही सांगितलं तर पुढचा फोटो.

थेरपिस्टला हे सगळं सांगितलं तेव्हा तिनं आधी ताईंचा आवाज लावून ऐकला. मग म्हणाली, "घरात कोणती भाषा, एवढंच मी विचारलं होतं. लहानपणी कोणती, हे विचारायला हवं होतं. काही पेशंटमध्ये आधीची भाषा आधी परत येते." तिनं आरसा बॅगेत ठेवला आणि पुढच्या वेळेपासून ताईंनी भरलेलाच खेळ वापरला.

हे बरे झाले असं मी म्हणणार नाही. उजवा हात तसाच आहे. वर्तमानपत्र समोर धरलं तर फक्त चित्रं बघतात. लांब वाक्य सुरू केलं तर मध्येच रस्ता हरवतो, मग राग येतो आणि तो राग आम्हा दोघांनाही सोसावा लागतो. पण रोजच्यापुरतं बोलणं आलं. पानी दे. खिडकी लाव. ऊन लागस. मी उत्तर मराठीत द्यायची. मग हळूहळू मीही ताईंचे आवाज ऐकून दोन-चार शब्द शिकले. माझे उच्चार चुकतात. ह्यांच्या ओठाचा डावा कोपरा तेव्हा थोडा वर जातो. "जेवनी का?" असं हे विचारतात आणि मी "हा, जेवनू" म्हणते. हे मात्र मी नीट म्हणते. आणि आधी जेवते, मग म्हणते, कारण खोटं बोललेलं ह्यांना कळतं.

मी त्या परदेशी गृहस्थांना सगळं लिहून कळवलं. त्यांचं उत्तर या वेळी उशिरा आलं. त्यांची बायको मधल्या काळात गेली होती. तरी खेळ चालू ठेवणार आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. वेगवेगळ्या भाषांतले खेळ लोकांना उतरवून घेता यावेत म्हणून त्यांनी एक पान केलं होतं, आमचाही तिथं ठेवायचा का, आणि भाषेचं नाव काय लिहू, असं विचारलं होतं. मी ह्यांना लॅपटॉप दाखवला. सगळं समजावून सांगितलं आणि विचारलं, "नाव काय लिहायचं?"

ह्यांनी डाव्या हातानं स्क्रीन आपल्याकडे वळवला. मग म्हणाले, "आमनी."

आमची. मी म्हटलं, तसं लिहिलं तर लोकांना सापडणार नाही. ह्यांनी खांदा उडवला. मी अहिराणी असं लिहून पाठवलं. घरातल्या वस्तूंचे फोटो काढून टाकले आणि त्याजागी ताईंकडून मागवलेले त्यांच्या गावच्या घरातले घातले, कारण आमचा पेला आणि आमच्या चपला दुसऱ्या कुणाच्या काय कामाच्या. ह्यांच्या डोळ्याचा फोटो मात्र राहिला. तो खेळ कुणी उतरवून घेतला की नाही ते मला माहीत नाही. मी बघायला गेले नाही.

गेल्या महिन्यातली गोष्ट. दुपारची वेळ होती, मी ह्यांचे कपडे घडी करत होते. हे खिडकीतून बाहेर बघत होते. एकदम म्हणाले, "मनी माय."

आईबद्दल ह्यांनी माझ्याजवळ आजवर फारसं काही काढलेलं नव्हतं. मी घडी खाली ठेवली आणि जवळ जाऊन बसले.

"मनी माय," हे पुन्हा म्हणाले आणि पुढचा शब्द शोधायला लागले. डावा हात हवेत काहीतरी धरल्यासारखा झाला, मग उघडला. ओठ जुळले, सुटले. मी वाट बघितली. मग वाटलं, चित्र दिसलं तर कदाचित येईल. मी लॅपटॉप उघडून खेळातले फोटो एकेक करून पुढे केले. चूल, भाकरी, विहीर, गोठा, लुगडं, ताईंच्या अंगणातली बाज. प्रत्येक फोटोला ह्यांनी मान हलवली, नाही. शेवटचा फोटो गेला आणि स्क्रीन पुन्हा पहिल्यावर आला.

"ताईंना फोन लावू का?" मी विचारलं.

ह्यांनी पुन्हा मान हलवली. झाकण लावायची खूण केली. मी ते लावलं.

"ऱ्हाऊ दे," हे म्हणाले.

मी कपडे तिथंच पलंगावर घेऊन आले आणि ह्यांच्याजवळ बसून घड्या घालायला लागले. हे बघत होते. थोड्या वेळानं ह्यांनी डाव्या हातानं एक रुमाल ओढून घेतला, मांडीवर पसरला आणि एका हातानं त्याची घडी करायचा प्रयत्न करत राहिले.